भट्टीच्या गावाला ओळखीचा आवाज

आधी गिटार, बेस आणि ड्रम एकत्र चालत येतात, संथ, पाय ओढत, आणि त्यांच्या डोक्यावरून भोंगा सुरू होतो. विमानं येताहेत, आडोसा धरा, असं सांगणारा युद्धाच्या दिवसांतला भोंगा. मग एकदम सगळं थांबतं. उरते ती ड्रमवाल्याच्या दोन झांजांची बारीक टिकटिक, मधूनच गिटारचे दोन घाव, आणि त्या मोकळ्या जागेत एक पातळ, कोवळा, तरी टोकदार आवाज गायला लागतो. युद्ध ठरवणारे वेगळे आणि त्यात मरणारे वेगळे, एवढाच विषय. गाणं जवळजवळ आठ मिनिटांचं. नाव ‘वॉर पिग्ज’, बँड ब्लॅक सॅबाथ, अल्बम त्यांचा दुसरा, ‘पॅरानॉइड’, साल १९७०.

हे मी आत्ता ऐकलं! पंचावन्न वर्षं हे जगात वाजतंय, आणि माझ्या कानावर ते या पावसाळ्यात आलं. तेव्हापासून भेटेल त्याला धरून मी सांगत सुटलोय. वर्कशॉपातल्या पोरांना सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, आमच्या कोल्हापूरच्या देवल क्लबात गाण्याची बैठक सुरू व्हायच्या आधी शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बैठक संपल्यावर नाव लिहून मागितलं.

झालं असं की, २२ जुलै २०२५ ला या बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. माझा भाचा त्या दिवशी घरी होता. त्याचा चेहरा उतरलेला पाहून मी विचारलं, कोण रे हा? तो म्हणाला, “मामा, तुम्ही भट्टीवरची माणसं. तुम्ही नाही ऐकायचं तर कुणी ऐकायचं हे?” आणि त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला.

‘भट्टीवरची माणसं’ असं तो का म्हणाला, ते मला गाणी ऐकल्यावर आणि त्या चार पोरांची माहिती वाचून काढल्यावर कळलं. कोल्हापूरला लोक तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी, अंबाबाईसाठी, कुस्तीसाठी ओळखतात. पण हे फौंड्रीचं गाव आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, सगळीकडे ओतकाम चालतं. ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे सुटे भाग, सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम, पंपांची अंगं, असलं कायकाय इथल्या वाळूच्या साच्यांतून निघून देशभर जातं. माझं बालपण उद्यमनगरच्या कडेला गेलं. वडील मोल्डर होते. मी पॅटर्न बनवतो. मेटल ओतताना लॅडलच्या तोंडाशी जो उजेड असतो तो मी लहानपणी पाहिलाय, आणि नॉकआउटला साचा फुटून कास्टिंग बाहेर पडताना जो दणका बसतो तो मला अजून रोज ऐकू येतो. गाणं मात्र मी वेगळ्या दारातून आत आलेलं ऐकत गेलो: अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी या गावात आश्रय दिला, तेव्हापासून जयपूर-अत्रौलीची गायकी इथल्या हवेत आहे. कारखाना एका बाजूला, गाणं दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच आवाजात ऐकायला मिळतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

ब्लॅक सॅबाथचे चौघे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे, आणि बर्मिंगहॅमातही अ‍ॅस्टन नावाच्या कामगार वस्तीतले. टोनी आयोमी गिटारवर, गीझर बटलर बेसवर, बिल वॉर्ड ड्रमवर आणि ऑझी गायला. चौघेही १९४८-४९ चे, म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यावर जन्मलेले. लहानपण बॉम्बने पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांत खेळण्यात गेलं. आता तो भोंगा पुन्हा ऐका. ऑझीचे वडील कारखान्यात टूलमेकर, रात्रपाळीला. आई मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. ऑझी स्वतः काही काळ मोटारीचे हॉर्न सुरात लावायच्या कामावर होता, आणि काही काळ कत्तलखान्यात. दिवसभर शेकडो हॉर्न एकामागून एक वाजवून बघायचे! त्या माणसाच्या गळ्यात पुढे ती धार आली यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आणि आयोमी. त्याच्याबद्दल वाचून मी बसल्या जागी उठून उभा राहिलो.

सतरा वर्षांचा पोरगा. पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला. बँडबरोबर युरोपात वाजवायला जायचं ठरलेलं, म्हणून नोकरी सोडलेली. तो कामाचा शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा त्याला परत जायचंच नव्हतं. आई म्हणाली, शेवटचा दिवस आहे, नीट पूर्ण करून ये. गेला. त्या दिवशी प्रेसवरचं माणूस आलं नव्हतं, म्हणून याला प्रेसवर उभं केलं. सवय नसलेलं मशीन. प्रेस खाली आलं आणि उजव्या हाताची मधली दोन बोटं, मधलं आणि अनामिका, शेंड्याला तुटली. तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. नेमकी तीच बोटं गेली.

प्रेसवर किंवा शिअरिंगवर बोट गेलेला माणूस आमच्या भागात कुणाला माहीत नाही? प्रत्येक गल्लीत एक आहे. त्याच्याशी हात मिळवताना आपण ते जाणवलं असं दाखवत नाही. तो माणूस पुढे हलकं काम मागून घेतो, किंवा पानपट्टी टाकतो. आयोमीने काय केलं? त्याच्या फोरमनने त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची. जँगो हा युरोपातला थोर जॅझ गिटारवाला. १९२८ मध्ये त्याच्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या बोटांवर तो असं वाजवायला शिकला की लोक आजही तोंडात बोट घालतात. ते ऐकून आयोमी उठला. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, त्याच्या टोप्या केल्या, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने बोटाच्या मापाला आणल्या, पॉलिश पेपरने घासल्या, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबल्या जाईनात, तर बँजोच्या पातळ तारा आणून गिटारवर चढवल्या. झालं! पॅटर्न शॉपमध्ये आम्ही जे दिवसभर करतो तेच त्याने स्वतःच्या बोटांसाठी केलं: माप घ्या, घडवा, लावून बघा, बसत नाही, पुन्हा घासा.

याच गावात बाबूराव पेंटरांनी परदेशी यंत्र परवडत नाही म्हणून सिनेमाचा कॅमेरा हाताने घडवला आणि त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. आयोमीची गोष्ट वाचताना मला सारखे बाबूराव आठवत होते. हत्यार नसेल तर हत्यार आधी करायचं, कला मग. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या टोप्यांच्या बोटांमुळे आयोमीला तारा नेहमीच्या माणसासारख्या जाणवत नसत. गिटारचे भरलेले, चार-पाच सुरांचे कॉर्ड धरणं अवघड. म्हणून तो दोन सुरांवर आला, मूळ सूर आणि त्याचा पंचम. सा आणि प. रॉकवाले याला पॉवर कॉर्ड म्हणतात. मी हे कळल्याबरोबर घरातला तंबोरा गवसणीतून काढला. तंबोऱ्यात दुसरं काय असतं? पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. गंधार नाही, त्यामुळे तो कॉर्ड आनंदी की दुःखी हे ठरत नाही. ते ठरवण्याची मुभा गायकाला राहते. आयोमी तो सा-प गळ्यामागे ठेवायच्या ऐवजी अ‍ॅम्प्लिफायरमधून (तेही बर्मिंगहॅमच्याच बनावटीचं, लेनी नावाचं) फाडून समोर आणतो आणि त्याचीच धून करतो. मी हा सूर आयुष्यभर मागे वाजताना ऐकलाय. पुढे येऊन उभा राहिलेला पहिल्यांदाच ऐकला.

आता अल्बम कसा झाला ते. पहिला अल्बम त्यांनी १६ ऑक्टोबर १९६९ रोजी एका दिवसात रेकॉर्ड केला. स्टेजवर जसं वाजवत तसंच स्टुडिओत वाजवलं आणि निघाले पुढच्या कार्यक्रमाला. तो १३ फेब्रुवारी १९७० ला बाहेर आला, शुक्रवारी, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना इंग्लंडमध्ये आठव्या नंबरपर्यंत गेला. कंपनीने लगेच दुसरा मागितला. तेव्हा जूनमध्ये, म्हणजे पहिला येऊन चार महिने होतात न होतात तोवर, चौघे लंडनमध्ये रीजंट साउंड आणि आयलंड या स्टुडिओत शिरले. निर्माता रॉजर बेन, रेकॉर्डिंगला टॉम अ‍ॅलम. इतक्या घाईत माणसं आधीचंच पुन्हा वाजवतात. यांच्याकडे मात्र माल तयार होता, कारण त्याआधी त्यांनी युरोपातल्या क्लबांत मजुरासारखं वाजवलं होतं. झुरिचमधल्या एका ठिकाणी तर दिवसाला पाऊण-पाऊण तासाचे कितीतरी सेट. इतकी गाणी कुठून आणायची? मग ते सुचेल ते ताणत बसायचे, एकाच रिफवर, म्हणजे गिटारच्या फिरून फिरून येणाऱ्या तुकड्यावर, घोळत राहायचे. ‘वॉर पिग्ज’ त्याच घोळण्यातून आलं. आपल्याकडे जत्रेत रात्रभर उभे राहणारे हलगीवाले जसे पहाटेकडे काहीतरी वेगळंच वाजवायला लागतात, तसं मला ते वाटतं.

अल्बमचं नावही आधी ‘वॉर पिग्ज’च ठरलं होतं. म्हणून मुखपृष्ठावर झाडामागून उडी मारणारा ढाल-तलवारवाला माणूस आहे. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, कंपनीला ते नाव नको होतं, आणि दुसऱ्या एका गाण्याचं सिंगल जोरात चालत होतं, म्हणून नाव बदललं. चित्र तेच राहिलं. तलवार घेतलेला माणूस आणि वर ‘पॅरानॉइड’, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी ते मुखपृष्ठ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा संबंध शोधत बसलो होतो.

ते दुसरं गाणं कसं झालं, ते तर ऐकाच. अल्बम जवळजवळ पूर्ण झाला होता आणि थोडी जागा उरली होती. रॉजर बेन म्हणाला, तीनेक मिनिटांचं काहीतरी भरीला द्या. बाकीचे बाहेर गेले, आयोमी गिटार घेऊन बसला, रिफ सापडला. ते परत आले, वाजवून बघितलं, बटलरने घाईघाईत शब्द लिहिले, ऑझीने कागदावरून वाचत गायलं. अर्ध्या तासाच्या आतबाहेर सगळं. बटलरला तर वाटत होतं की हे लेड झेपेलिनच्या एका गाण्यासारखं झालंय, करू नये. केलं. तीन मिनिटंही पूर्ण नाहीत, आणि ते बँडचं सगळ्यांत गाजलेलं गाणं ठरलं, इंग्लंडच्या यादीत चौथ्या नंबरवर. शब्दांत बटलरने आपल्याच मनाच्या अंधाराबद्दल लिहिलं होतं; त्या काळात त्याच्या वस्तीत असल्या आजाराला नाव देणारंही कुणी नव्हतं. गाणं मात्र धावतं. थांबायला जागाच नाही. मनातली भीती माणसाला बसू देत नाही, हे त्या वेगातच कळतं, शब्द न समजताही.

आणि त्याच्या लगेच पुढे ‘प्लॅनेट कॅराव्हॅन’! मी थक्क झालो. सगळा गोंगाट बंद. बिल वॉर्ड हाताने काँगा वाजवतोय, आयोमी जॅझसारखी हलकी बोटं चालवतोय, टॉम अ‍ॅलम पियानोवर, आणि ऑझीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. तो आवाज त्यांनी लेस्ली स्पीकरमधून काढलाय, म्हणजे हॅमंड ऑर्गनबरोबर जो फिरता स्पीकर असतो त्यातून. ज्यांनी आपल्या जुन्या ऑर्केस्ट्रात ऑर्गन ऐकलाय त्यांना ती थरथर लगेच ओळखता येईल. पोवाडा झाल्यावर एकदम ठुमरी यावी, असा तो बदल आहे, आणि तो कुणी करायचं धाडस केलं, तर सगळ्यांत दणदणीत म्हणून नाव घेतलेल्या बँडने!

मग ‘आयर्न मॅन’. हे मी वर्कशॉपात लावलं. स्पीकर छोटा, मशीनं चालू, तरी पहिल्या ठोक्याला कास्टिंग घासून साफ करणारा फेटलिंगवाला पोरगा मान वर करून बघायला लागला. आधी नुसता पायाचा ड्रम, एकेक, अंतर ठेवून. मग गिटारची एक तार खाली-खाली ओढली जाते, सूर विरघळतो. आणि मग तो रिफ. मला पाठीच्या कण्यातून जाणवला तो. ऑझी म्हणे पहिल्यांदा ऐकून म्हणाला होता की, हा तर मोठा लोखंडी माणूस चालत येतोय. त्यावरून बटलरने गोष्ट रचली: एक माणूस भविष्यात जाऊन जगाचा शेवट बघून येतो, परतताना लोखंडाचा होतो, आणि ज्यांना वाचवायला आला तेच लोक त्याच्याकडे बघत नाहीत. गाताना ऑझी गिटारच्या रिफवरच गातो, सुराला सूर. आपल्याकडे सारंगी गळ्याचा माग काढते. इथे गळा गिटारचा माग काढतो. त्यामुळे माणूस आणि लोखंड वेगळे राहातच नाहीत. “लई भारी हाय ओ मामा,” फेटलिंगवाला म्हणाला. त्याच्या गाण्याच्या आवडीबद्दल मला एवढंच माहीत आहे की तो डीजेच्या गाड्यांमागे नाचतो. पण त्या दुपारी तो ‘आयर्न मॅन’ला ग्राइंडर बंद करून उभा होता.

‘इलेक्ट्रिक फ्युनरल’ अणुबॉम्बचं, ‘हँड ऑफ डूम’ युद्धावरून परतताना नशेच्या इंजेक्शनला लागलेल्या सैनिकांचं. बँड युरोपात अमेरिकन सैनिकांपुढे वाजवत असे, तिथे बटलरने ही पोरं बघितली होती. ते गाणं ऐकताना माझं मन सैनिक टाकळीला गेलं. शिरोळ तालुक्यातलं हे गाव, घरटी कुणीतरी फौजेत. आमच्या जिल्ह्यात अशी घरं सगळीकडे आहेत. सीमेवरून काय घेऊन माणूस परत येतो, आणि कशाबद्दल कधीच बोलत नाही, हे आम्ही ओसरीवर बघितलंय. युद्धाचा विरोध करणारी गाणी त्या काळात पुष्कळ झाली, फुलं देणारी, हात धरून म्हणायची. बटलरने सैनिकाचा राग केला नाही. पाठवणाऱ्यांचा केला, आणि परत आलेल्याची काळजी केली. म्हणूनच ‘वॉर पिग्ज’ आणि ‘हँड ऑफ डूम’ एकाच अल्बमवर शोभतात.

‘रॅट सॅलड’ आणि ‘फेअरीज वेअर बूट्स’ ही शेवटची दोन. पहिलं नुसतं वाद्यांचं, बिल वॉर्डसाठी. हा माणूस जॅझ ऐकून वाढलेला, जीन क्रूपाचा भक्त. म्हणून त्याचा ठेका कितीही जड असला तरी तो डुलतो, दगडासारखा बसत नाही. खासबाग मैदानात जोड सुटायच्या वेळी हलगीवाला पैलवानाच्या पायाकडे बघून वाजवतो, तसा वॉर्ड आयोमीच्या हाताकडे बघून वाजवतोय असं वाटत राहतं. ‘फेअरीज वेअर बूट्स’ टक्कल केलेल्या गुंड पोरांशी झालेल्या झटापटीवरचं. त्यावर मला फार बोलायचं नाही, गिटारची सुरुवात मात्र सुंदर आहे.

आता लोकांनी याला कसं घेतलं. १८ सप्टेंबर १९७० ला अल्बम इंग्लंडमध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात पहिल्या नंबरवर गेला. अमेरिकेत तो जानेवारी १९७१ मध्ये आला, कारण तिथे पहिलाच अल्बम अजून खपत होता. तिथेही बाराव्या नंबरवर पोचला आणि पुढे त्याच्या चाळीस लाखांवर प्रती गेल्या. समीक्षकांनी मात्र नाक मुरडलं. पोरकट, बोजड, एकसुरी, असं पुष्कळांनी लिहिलं. मी त्यांच्यावर रागावलो आहे, आणि ते इतक्या वर्षांनी रागावण्यासारखं आहे की नाही याची मला पर्वा नाही. बोजड! जड वस्तू उचलायची वेळ ज्याच्यावर कधी आली नाही त्याला वजन हा दोष वाटतो. ज्याने दिवसभर साचे उचलले, ज्याच्या कानात घरी आल्यावरही प्रेस वाजत राहतं, त्याला या वजनात आपलं दिवसभराचं शरीर सापडतं, आणि ते कुणीतरी सुरात लावून दिलंय हे कळतं. रेकॉर्ड विकत घेणारे कोण होते? अशीच पोरं, कारखान्यांच्या गावांतली. त्यांना समीक्षा वाचायची गरज नव्हती. एका टीव्ही कार्यक्रमात ‘पॅरानॉइड’ वाजवल्यावर किंचाळणाऱ्या शाळकरी मुली कार्यक्रमांना यायला लागल्या, तेव्हा बँड गोंधळला आणि पुढे बराच काळ सिंगल काढायचं टाळत राहिला. गाजण्यापेक्षा ऐकलं जाणं त्यांना हवं होतं.

आज काय स्थिती आहे? ज्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने सुरुवातीला त्यांना उभं केलं नाही, त्यानेच २०१७ साली सर्वकालीन शंभर मेटल अल्बमांत ‘पॅरानॉइड’ पहिला ठेवला. ‘आयर्न मॅन’च्या एका थेट कार्यक्रमातल्या रेकॉर्डिंगला २००० साली ग्रॅमी मिळालं. ‘पॅरानॉइड’नंतर इंग्लंडमध्ये त्यांचा दुसरा कुठलाही अल्बम पहिल्या नंबरवर जायला थेट २०१३ उजाडलं. २०२३ साली बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने त्यांच्या संगीतावर अख्खा बॅले केला. आणि गावात त्यांच्या नावाचा पूलच आहे! ब्लॅक सॅबाथ ब्रिज, कालव्यावर, त्यावर चौघांचे चेहरे असलेला बाक. ज्या वस्तीतली पोरं कारखान्यातून पळून गाण्यात आली, त्या गावाने त्यांना बसायला जागा केली. मला बर्मिंगहॅम बघायचंय. रश्श्याची तयारी करून जाईन.

५ जुलै २०२५ ला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, व्हिला पार्कवर, म्हणजे त्यांच्याच अ‍ॅस्टनमधल्या फुटबॉल मैदानावर. मूळ चौघे २००५ नंतर पहिल्यांदा एकत्र. ऑझीला पार्किन्सन्स, उभं राहणं शक्य नाही, म्हणून सिंहासनावर बसून गायला. चारच गाणी वाजवली. ‘वॉर पिग्ज’, ‘एन.आय.बी.’, ‘आयर्न मॅन’, ‘पॅरानॉइड’. चारातली तीन या दुसऱ्या अल्बमची! जून १९७० मध्ये घाईघाईत, थकलेल्या हातांनी, भरीला म्हणून केलेल्या गाण्यासकट. सतरा दिवसांनी ऑझी गेला. मी त्या कार्यक्रमाचं चित्रण बघितलं. ‘वॉर पिग्ज’ला भोंगा वाजला तेव्हा मैदानातले हजारो लोक, त्यांत माझ्या वयाचे, माझ्या वडिलांच्या वयाचे, सगळे ओरडत होते, आणि मी इथे उद्यमनगरात बसून त्यांच्याबरोबर ओरडत होतो.

आता तिसरा अल्बम लावतोय, ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’, १९७१. भाच्याने सांगितलं की यात आयोमीने काही गाण्यांसाठी तारा खाली उतरवल्या आहेत; ढिल्या तारा त्याच्या त्या टोप्यांच्या बोटांना सोप्या जातात आणि आवाज आणखी खोल होतो. किती खाली, असं मी विचारलं, तर तो इंग्रजी अक्षरांत सांगायला लागला. मी पेटी काढली आणि मोजलं. पांढरी तीनवरून थेट काळी एकवर. काळी एक! आमच्या बैठकीत बहुतेक पुरुष गवयांचे तंबोरे ज्या पट्टीत लागतात, तीच. तंबोरा भिंतीला टेकवून ठेवलाय, जवारी लावून झाली आहे, आणि आज रात्री मी तो या रेकॉर्डबरोबर वाजवून बघणार आहे.